चित्त्याच्या गाडीचा गाडीवान

'सफारी' हा शब्द मराठीत इंग्रजीच्या वाटेने आला असला, तरी त्याचे घर पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत आहे. तेथे तो 'प्रवास' या अर्थाने रूढ असून स्वाहिलीत तो अरबीतील 'सफर' या शब्दावरून आलेला आहे. हीच 'सफर' फारसीच्या मार्गाने मराठीत काही शतके आधीच येऊन स्थिरावली होती, म्हणजे एकच शब्द दोन निरनिराळ्या वाटांनी दोनदा मराठीच्या दारी आला. सफारीच्या गाडीचा चालक या व्यवसायाचेही चिकोडी, निपाणी, रायबाग, कागल या सीमाभागात असेच झाले आहे. जाळी लावलेल्या बसमधून वाघ-सिंह दाखविण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून भारतात आला आणि बेळगावजवळ तर तो अगदी अलीकडे पोचला. परंतु माणसांना गाडीत बसवून ती गाडी रानातल्या जनावराच्या जवळ, त्याला न बुजवता, नेऊन उभी करण्याची विद्या या मुलखात त्याआधीच होती, आणि ती ज्यांच्या हातात होती ते चित्त्याच्या शिकारीतील गाडीवान होते.

या विद्येला जी भूमी लागते ती चिकोडीच्या परिसरात होती. पश्चिमेला सह्याद्रीच्या उताराचे दाट जंगल, मध्ये दूधगंगा-वेदगंगेच्या काठची सुपीक पट्टी आणि पूर्वेला रायबाग-अथणीकडे उघडी होत जाणारी कोरडवाहू माळराने, असा हा प्रदेश आहे. माळरान हे काळविटाचे घर असते, कारण कळपाने राहणाऱ्या या हरणाची सारी भिस्त दूरवर पाहणाऱ्या डोळ्यांवर आणि वेगावर असते, आणि आडोसा नसलेल्या जागीच ही दोन्ही शस्त्रे उपयोगी पडतात. राजकीय दृष्ट्या मात्र हा मुलूख तुकड्यातुकड्यांचा होता. चिकोडी आणि मनोळी हे तालुके करवीरकर, म्हणजे कोल्हापूरचे, छत्रपती, पेशवे आणि निपाणकर देसाई यांच्या ओढाताणीत अनेकदा हात बदलत राहिले आणि १८२० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या तहाने ते कंपनी सरकारकडे गेले. रायबाग महाल तेवढा कोल्हापूरकडे राहिला. परिणामी कोल्हापूरचे संस्थानी लोक आपल्याच रायबागेत जायचे तर इंग्रजांच्या चिकोडी तालुक्यातून किंवा इतर संस्थानिकांच्या हद्दीतून जात. हद्दी माणसांनी आखलेल्या होत्या. काळविटाच्या कळपाला त्या ठाऊक नव्हत्या.

चित्त्याच्या साहाय्याने हरीण पकडण्याची प्रथा सामान्यतः मोगलांशी जोडली जाते, आणि अकबराच्या चित्तेखान्याची कीर्ती पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु या प्रथेचा भारतातील एक फार जुना लेखी उल्लेख दख्खनमधलाच आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना चित्त्याने करावयाच्या मृगयेचा विचार केलेला आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि त्या काळी बेळगावचा प्रदेशही याच चालुक्यांच्या सत्तेखाली होता. 'चित्ता' हे नाव अंगावर ठिपके असलेला या अर्थाच्या संस्कृत 'चित्रक' शब्दाचे वंशज आहे. दिल्लीच्या तख्ताकडे पाहत ही शिकार समजून घेण्याची जी सवय इतिहासलेखनाला जडली आहे, तिच्यामुळे या दक्षिणी धाग्याकडे दुर्लक्ष झाले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

या शिकारीची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या सफारीचालकाच्या कामाचे मर्म तिच्यातच आहे. चित्ता फार वेगाने धावतो पण फार थोडा वेळ धावतो. तीन-चारशे मीटरांत सावज हाती आले नाही तर तो धाव सोडून देतो. म्हणून त्याला सावजाच्या शक्य तितके जवळ नेऊन सोडणे हाच शिकारीचा गाभा होता. त्यासाठी एका सपाट, ठेंगण्या बैलगाडीवर चित्त्याला बसवीत, त्याच्या कमरेला आणि गळ्याला पट्टा असे, डोळ्यांवर टोपी चढविलेली असे आणि पट्ट्याची दोरी शेजारी बसलेल्या चित्तेवानाच्या हाती असे. चित्तेवान म्हणजे चित्ता पाळणारा, त्याला माणसाळविणारा आणि शिकारीत त्याला सोडून पुन्हा धरणारा माणूस; हे नाव कोल्हापुरात पुढे आडनाव म्हणूनही टिकले. गाडीच्या तोंडाशी, जुवाजवळ, कासरा धरून गाडीवान बसे. कळप दिसला की तो गाडी कधीही सरळ कळपाच्या रोखाने घालीत नसे. रोजच्या वाटेने शेताकडे किंवा बाजाराला निघालेली गाडी जशी आपल्याच नादात बाजूने निघून जाते, तशी तो ती कळपाच्या कडेकडेने हाकी, वळसा घेई, पुन्हा थोडे आत सरके, आणि असे फेरे घेत घेत कळपाभोवतीचे वर्तुळ लहान करीत आणी. काळविटांना कुणब्याच्या गाडीची सवय होती, चाकाच्या करकरीचीही होती. एकटा चालत येणारा माणूस दिसला की उधळणारा कळप गाडीला मात्र शंभर यार्डांच्या आसपास येऊ देत असे. त्या टप्प्यावर गाडी क्षणभर थांबे, चित्तेवान टोपी काढून चित्त्याचे तोंड काळ्या नराकडे वळवी, आणि पुढचे सारे काही क्षणांत संपे. चित्त्याने नराला पाडून गळा धरला, की चित्तेवान धावत जाऊन सावज मारी, लाकडी पळीत त्याचे रक्त धरून चित्त्यापुढे करी आणि तो ते चाटण्यात गुंतला असतानाच त्याच्या डोळ्यांवर पुन्हा टोपी चढवी.

या वर्णनात सगळ्यांचे लक्ष चित्त्याकडे आणि फार तर चित्तेवानाकडे जाते, आणि शिकारीची जी चित्रे व छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांतही तसेच दिसते. तरीही शिकारीचा निकाल चित्ता सुटण्यापूर्वीच, गाडीवानाच्या हाती, बहुतेक लागलेला असे. वळसा फार मोठा घेतला तर ऊन चढून कळप सरके. फार लहान घेतला तर कळप कान टवकारून उभा राही आणि मग गाडी कितीही हळू हाकली तरी उपयोग नसे. वाऱ्याची दिशा, जमिनीचा उतार, खडकाळ जागी चाक आपटून होणारा आवाज, या साऱ्यांचा अंदाज घेत बैलाची चाल एकसारखी ठेवणे हे त्याचे काम होते. याच पट्ट्यातील खिलार बैल चपळ आणि तापट म्हणून प्रसिद्ध आहे, तर सांगलीकर संस्थानिकांच्या उत्तेजनाने एकोणिसाव्या शतकात तयार झालेली कृष्णाकाठची जात भारी अंगाची व सावकाश चालीची. बैल कोणत्याही जातीचा असो, पाठीमागे हाताच्या अंतरावर मांसाहारी जनावराचा वास येत असताना त्याने जू झुगारू नये, इतका विश्वास त्याच्या मनात गाडीवानाने आधी महिनोन् महिने पेरलेला असणे अपरिहार्य होते. असे शिक्षण पुस्तकात नसते, ते बापाच्या शेजारी गाडीवर बसून मुलाकडे येते, आणि म्हणूनच ते लिहून ठेवले गेले नाही.

कोल्हापूर संस्थानात ही शिकार विसाव्या शतकात विशेष भरास आली. राजर्षी शाहू महाराज यांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि १९२२ पर्यंत ती चालविली. आरक्षण, सक्तीचे शिक्षण, राधानगरीचे धरण आणि कुस्ती यांच्याबरोबरच हत्ती, घोडे व चित्ते हाही त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. ते स्वतः उत्तम सारथी होते, आणि या निबंधाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण गाडी हाकणे हे हलके काम आहे ही समजूत त्यांनी आपल्या आचरणाने खोटी ठरविली होती. त्यांच्या काळात बैलगाडीच्या जोडीला 'खडखडा' आला. खडखडा ही घोड्यांना जुंपणीचे शिक्षण देण्यासाठी वापरली जाणारी उघडी आणि भक्कम अशी गाडी. नवशिका घोडा उधळला तरी मोडू नये अशा बेताने ती बांधलेली असे, आणि याच गुणामुळे खाचखळग्यांच्या माळावर शिकारीसाठी ती सोयीची ठरली. बैलगाडीचे सोंग शांतपणाचे होते, खडखड्याचे बळ वेगाचे. म्हणून गाडीवानाच्या कसबातही फरक पडला आणि लपत जाण्याइतकेच झपाट्याने अंतर कापण्यालाही महत्त्व आले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळातही हा शौक चालू राहिला, पण तोवर भारतातील रानचे चित्ते जवळजवळ संपत आले होते. पाळीव चित्ता त्या काळी पिंजऱ्यात सहसा वीत नसे. प्रत्येक पिढीला रानातून नवे चित्ते धरावे लागत, आणि शतकानुशतके चाललेल्या या उपशाचा भार त्या जातीला सोसला नाही. त्यामुळे १९१८ ते १९४५ या काळात कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी चित्ते आफ्रिकेतून आणविले. ज्या खंडाने जगाला 'सफारी' हा शब्द दिला, त्या खंडातील जनावर करवीरच्या गाडीवर बसून माळावर फिरत होते. देशातील शेवटचे ज्ञात तीन रानचित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि चित्तेखान्याचा आधार संपला. याच सुमारास दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीपगाड्या देशभर स्वस्तात मिळू लागल्या, आणि शिकारीच्या इतिहासातील सर्वांत काळे पर्व सुरू झाले. जीपच्या शिकारीत वळसा नव्हता, वाऱ्याचा अंदाज नव्हता, जनावराच्या स्वभावाचे ज्ञान लागत नव्हते. रात्रीच्या वेळी डोळ्यांवर प्रखर झोत टाकला की हरीण जागच्या जागी खिळून उभे राही आणि बंदूकवाल्याला नेम धरायचीही फारशी गरज पडत नसे. चालकाच्या हातात पूर्वी जी विद्या होती तिची जागा इंजिनाच्या ताकदीने घेतली. ज्या माळांवर चित्त्याने दिवसाला एखाददुसरे काळवीट मिळे, तेथे एका रात्रीत कळपच्या कळप उठविणे शक्य झाले. पाठोपाठ घटप्रभा, कृष्णा आणि दूधगंगेचे पाणी कालव्यांनी व उपसा योजनांनी माळापर्यंत आले, ऊस आला, आणि उरलेल्या कळपांना उभे राहायला उघडी जमीनच उरली नाही. चिकोडीच्या आजच्या पिढीला काळवीट हे आपल्या शिवारातले जनावर होते हे सांगूनही खरे वाटत नाही, इतका हा बदल पूर्ण आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत, स्थान दिले आणि गाडीतून जनावराजवळ जाण्याचा हेतू मारण्याकडून पाहण्याकडे वळला. सीमाभागाच्या पश्चिमेला हे वळण आधीच लागलेले होते: कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे जंगल असलेले दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि शिकारीसाठी राखलेली जंगलेच पुढे संरक्षणाला उपयोगी पडली ही घटना तेथे स्पष्ट दिसते. दाजीपूरच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पर्यटकांना नेणारे स्थानिक जीपचालक हे गाडीवानाचे पहिले खरे वारस म्हणावे लागतील, कारण गवा दिसला की किती अंतरावर थांबायचे आणि त्याने मान खाली घालून फुत्कार टाकला की केव्हा मागे सरायचे, हे ठरविण्यासाठी त्यांना पुन्हा जनावर वाचावे लागले.

बंदिस्त सफारीचा, म्हणजे प्राणी मोकळे आणि माणसे गाडीत कोंडलेली अशा व्यवस्थेचा, जन्म इंग्लंडमधला. सर्कसवाल्या घराण्यातील जिमी चिपरफील्ड आणि बाथचे मार्क्विस यांनी १९६६ मध्ये लाँगलीट येथे सिंहांचे असे उद्यान उघडले आणि आफ्रिकेबाहेरचे ते पहिले मानले जाते. भारतात हैदराबादच्या नेहरू प्राणिउद्यानात १९७४ मध्ये सिंहसफारी सुरू झाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टात तिचे अनुकरण झाले, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्राची नवी सफारी खुली झाली.

चिकोडीकरांना जवळची सफारी भुतरामहट्टीची. संकेश्वरला महामार्ग धरून हत्तरगी ओलांडल्यावर, काकती येण्यापूर्वी, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या परिसरात हे गाव लागते, आणि तेथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय १९८९ मध्ये निसर्गधाम म्हणून लहान प्रमाणावर सुरू झालेले आहे. २०२१ मध्ये बन्नेरघट्टाहून तीन सिंह तेथे आले, आणि वाघ-सिंहांची सफारी या भागातील माणसाच्या एका दिवसाच्या आवाक्यात आली. सफारीच्या गाडीचे काम बाहेरून सोपे दिसते: खिडक्यांना जाळी, ठरलेला रस्ता, ठरलेला वेग. प्रत्यक्षात ते दुहेरी फाटकापासून सुरू होते. दुहेरी फाटक म्हणजे एकामागे एक अशी दोन दारे. पहिले उघडून गाडी आत घ्यायची, ते बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दुसरे उघडायचे नाही, असा त्याचा नियम असतो आणि त्याला अपवाद नसतो. आत गेल्यावर चालकाला प्रत्येक जनावर वेगळे ओळखता यावे लागते. कोणता वाघ पाण्याच्या टाक्यापाशी दुपार काढतो, कोणती सिंहीण तापलेल्या रस्त्यावरच आडवी पडते आणि हॉर्न वाजविला तर उठत तर नाहीच, उलट चिडते, हे त्याला माहीत असते. म्हणून तो हॉर्नऐवजी वाट पाहतो, आणि मागच्या मुलांचा गलका वाढला तर इंजिन किंचित चढवून त्या आवाजाखाली गलका बुडवितो. मांसाहारी प्राण्यांना संध्याकाळी कोठीत, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्याच्या पिंजऱ्यात, अन्न मिळते. त्यामुळे शेवटच्या फेरीला जनावरे कोठीच्या वाटेकडे तोंड करून उभी असतात, आणि त्या वेळी वाटेत गाडी आडवी घालणे हा नवख्या चालकाकडून होणारा ठरलेला प्रमाद आहे.

प्राणी गाडीवर का चालून येत नाही, याचे उत्तर माळावरच्या बैलगाडीतच आहे. जाळी, पत्रा, चाके आणि आतली चाळीस माणसे मिळून जनावराच्या लेखी एकच मोठे, सवयीचे, निरुपद्रवी असे अंग तयार होते. हात बाहेर आला, कोणी उभे राहून जाळीला चेहरा लावला, की त्या अंगाचा आकार मोडतो आणि जनावराचे कुतूहल जागे होते. काळविटांनाही बैल, गाडी आणि तिच्यावरची माणसे मिळून एकच ओळखीची वस्तू दिसत असे, आणि माणूस खाली उतरला की ती वस्तू फुटून त्यातून शत्रू बाहेर पडे. 'हात आत घ्या' हे सफारीत पन्नासदा बोलले जाणारे वाक्य म्हणूनच केवळ शिस्तीचे नाही, गाडीचे सोंग टिकविण्याचे आहे. इतक्या जबाबदारीचे हे काम अनेक प्राणिसंग्रहालयांत ठेकेदारामार्फत, तात्पुरत्या पगारावर करून घेतले जाते, आणि वर्षानुवर्षे जनावरे ओळखून बसलेला चालक ठेका बदलला की दुसरीकडे मालवाहू टेम्पो चालवायला जातो. त्याच्याबरोबर जी माहिती निघून जाते तिची नोंद कोणत्याही वहीत राहत नाही. संस्थानी गाडीवानाच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा होत असताना ते थांबविणे अजून शक्य आहे.

काळवीटही भुतरामहट्टीत आहे. ज्या हरणासाठी या मुलखात गाडीची विद्या जन्मली, त्याचा एक कळप या प्राणिसंग्रहालयात कुंपणाआड राखलेला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये घटसर्पाच्या, म्हणजे गाई-म्हशींना पावसाळ्यात होणाऱ्या त्या जिवाणुजन्य रोगाच्या साथीत, त्यातील तीसहून अधिक जनावरे काही दिवसांत दगावली. घटसर्प हा शब्द चिकोडीच्या कोणत्याही गोठ्यात परिचयाचा आहे, आणि तेथे त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतली जाते. रानात विखुरलेल्या कळपाला साथ अशी एका फटक्यात गाठू शकत नाही. मोजक्या जागेत एकत्र ठेवलेल्या कळपाला ती गाठते. सीमाभागातील वृत्तपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली. दुसरीकडे, १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले, आणि ज्या जनावराला गाडीवर बसवून नेत असत ते पाहण्यासाठी आता माणसेच गाडीत बसून जातात.

हिवाळी सहलींच्या दिवसांत चिकोडी, निपाणी, हुक्केरी आणि गडहिंग्लजच्या शाळांच्या गाड्या भुतरामहट्टीच्या फाटकाशी रांगेने उभ्या राहतात, कानडी माध्यमाची मुले एका गाडीतून उतरतात आणि मराठी माध्यमाची दुसरीतून, आणि जाळीच्या बसमध्ये ती एकत्र बसतात. चालक आधी कानडीत 'हुली' म्हणतो, मग मराठीत 'वाघ' म्हणतो, गोव्याकडचे कोणी असेल तर कोकणीत 'वाग' म्हणून दाखवितो, आणि पहिले दार बंद झाल्याचा आवाज आरशातून नव्हे, कानाने टिपून, दुसरे दार उघडण्याची खूण करतो.